गाडीतला गारवा

माझी गाडी मले ओळखते, असं बाबा अकोल्यात भेटेल त्याला सांगायचे. उन्हाळ्यात दुपारची झोप झाली की चारच्या सुमारास ते चहा पीत, टोपी घालत, घराला कुलूप लावत आणि अंगणात उभ्या गाडीचं दार उघडत. आतून थंड हवा अंगावर यायची. फाटकाच्या लोखंडाला हात लावायची सोय नसायची, आणि गाडी मात्र माठाच्या पोटासारखी गार.

"मी निघालो का हिले समजते," बाबा म्हणत. "बैलाले समजे ना, तसं."

शेजारचे काका कुंपणापलीकडून टोमणा मारत. "बुढ्या, नशीबवान आहेस. तुले पाहून गाडी थंडी पडते. माह्या घरी तर मले पाहून पारा चढते."

गाडीला काही समजत नव्हतं. इकडे अमरावतीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, चार वाजायच्या थोडं आधी मी माझ्या मोबाईलमधलं एक बटण दाबायचो. तिकडे बाबांच्या अंगणात गाडी आपोआप सुरू व्हायची, एसी लागायचा आणि काही मिनिटांनी बंद व्हायचा. सगळ्या गल्लीत कूलर गरगरत असताना इंजिनाची घरघर कुणाच्या कानावर जाणार? बाबांनाही जरा कमीच ऐकू येतं. ते बाहेर येत तेव्हा गाडी शांत आणि गार असायची, आणि बाबा तिच्या टपावर थाप मारून आत बसायचे.

मी हे त्यांना का सांगितलं नाही, याचं उत्तर मी बरेच दिवस स्वतःलाही दिलं नव्हतं. आता लिहितोच आहे तर सरळ लिहितो.

आई असताना बाबा आणि मी एकमेकांशी आईमार्फत बोलायचो. फोन ती लावायची. "घ्या, तुमचा पोरगा हाय," म्हणून बाबांच्या हातात द्यायची आणि बाबा "जेवला काय?" विचारून तिलाच परत करायचे. आई गेल्यावर मधला माणूस गेला. मी त्यांना अमरावतीला चला म्हणालो होतो. बायको मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला असते, मी एकटाच राहतो, डब्यावर जेवतो, घर मोठं आहे. बाबा म्हणाले, "मले नाही करमत तिथिसा." मी आणखी एकदाही आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. संध्याकाळच्या संध्याकाळ आम्ही दोघं समोरासमोर बसून काय बोललो असतो, या विचाराचीच मला भीती वाटत होती.

त्याऐवजी मी गाडी घेऊन दिली. गुडघ्यामुळे त्यांना क्लच दाबवत नव्हता, म्हणून बिनगिअरची. गाडी त्यांच्या नावावर घेतली, पण बाबांचा फोन बटणांचा, साधा. त्यामुळे शोरूममधल्या मुलाने गाडीचं ॲप माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. एसी कसा लावायचा, दारं बंद आहेत का ते कसं बघायचं, आणि नकाशावर गाडी आत्ता कुठे आहे ते कसं बघायचं, सगळं त्याने दाखवलं. सुरुवातीची काही वर्षं हे फुकट असतं, पुढचं पुढे बघू सर, म्हणाला. मी ते ऐकलं आणि विसरलो.

मला त्या नकाशाची सवय लागली. निळा ठिपका घरी असला की बाबा घरी. ठिपका कापूस मार्केटजवळच्या हॉटेलवर असला की बाबा गावाकडच्या म्हाताऱ्यांसोबत बसलेत. त्या सगळ्यांनी शेतं ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला देऊन, अकोल्यात घरं बांधलेली, आणि रोज तिथे बसून ते त्याच शेतांच्या गोष्टी करतात. ठिपका संध्याकाळी घरी परतला की मी फोन बाजूला ठेवायचो. बापाची चौकशी केली, असं मला वाटायचं. फोन लावला तर त्यांना काय विचारू हा प्रश्न पडायचा. ठिपक्याला काही विचारावं लागत नव्हतं.

मग एका बुधवारी ठिपका अकोल्याबाहेर पडला. बोरगाव मंजू, मूर्तिजापूर, बडनेरा. मी वर्गातून येता जाता बघत होतो. तो अमरावतीत शिरला. मला वाटलं, बाबा माझ्याकडे येताहेत. कॉलेजमधून लवकर निघावं, असं मनात आलं. पण ठिपका राजापेठच्या अलीकडे थांबला. मी नकाशा मोठा करून पाहिला तर ते डोळ्यांचं हॉस्पिटल होतं. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी बाबांच्या फोनची वाट पाहत बसलो. ठिपका दुपारभर तिथेच उभा होता. माझ्या डोक्यात एवढंच आलं की गाडी उन्हात तापत असेल, म्हणून मी एसीचं बटण दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. संध्याकाळच्या आधी ठिपका हलला आणि आल्या वाटेने अकोल्याला निघून गेला.

त्या रात्री मी त्यांना फोन केला.

"काय करून राहिले बाबा?"

"काही नाही. बसलो."

"कुठं गेलते काय आज?"

"कुठं जातो मी? हॉटेलावर."

ते खोटं बोलले, आणि मी खोटं ऐकून घेतलं. मला माहीत आहे असं म्हटलं असतं तर मला कसं माहीत, हे सांगावं लागलं असतं. त्यांच्यामागे मी असा रोज डोळा लावून बसतो, हे कळल्यावर ते काय म्हणाले असते ते मला नको होतं.

पुढेही काही महिन्यांच्या अंतराने असंच घडत गेलं. नेहमी बुधवार, नेहमी तेच हॉस्पिटल. एकदा परतताना ठिपका मूर्तिजापूरच्या अलीकडे हायवेच्या कडेला थांबला. तिथे हॉटेल नाही, पंप नाही, काही नाही. मी स्टाफरूममध्ये मोबाईल टेबलावर ठेवून त्या ठिपक्याकडे बघत होतो. माझा तास सुरू झाला होता, मी उठलो नाही. बाबांच्या डोळ्यांचं काहीतरी झालंय आणि तरी ते हायवेवर गाडी चालवताहेत, हे न समजण्याइतका मी मूर्ख नाही. माझा अंगठा त्यांच्या नावावर होता. मी फोन लावला नाही. ठिपका हलला, मग मी उठून वर्गावर गेलो आणि फळ्यावर काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

या मेमध्ये, ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, ॲप बंद पडलं. म्हणजे ॲप उघडत होतं, पण नकाशाच्या जागी राखाडी चौकोन आणि एसीच्या बटणावर कुलपाचं चित्र. फुकटची मुदत संपली होती. पुढे चालू ठेवायचं तर दरवर्षी पैसे भरा, असं लिहिलं होतं. मी शोरूमला फोन लावला.

"मॅडम, एसी गाडीतच आहे ना? विकत घेतलाय आम्ही."

"हो सर, एसी तुमचाच आहे. गाडीत बसून लावला तर लागेलच. दुरून लावायची सर्व्हिस बंद झालीय."

"पण ती सोयसुद्धा गाडीतच बसवलेली आहे ना?"

"बसवलेली आहे सर. फक्त लॉक आहे."

मला राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही. रक्कम मला जड नव्हती. मी भरायला बसलो, तेव्हा कळलं की गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांच्या फोनवर एक आकडा जाईल आणि तो टाकल्याशिवाय सेवा सुरू होणार नाही. मालकाची संमती. एवढ्या वर्षांत ती मी एकदाही घेतली नव्हती. गाडीवाल्या कंपनीने ती मागितली.

मी पळवाट शोधली. बाबांना फोन करून म्हणालो, "बाबा, तुमच्या फोनवर एक नंबर येईन, तेवढा मले वाचून सांगा."

"कायचा नंबर?"

"गाडीच्या कंपनीचा हाय. ओटीपी."

"नाही सांगत."

"अहो, मी मागून राहिलो."

"कोणी बी मागो. ब्यांकेतल्या पोरीनं बजावलं हाय, पोटच्या पोरानं मागितला तरी द्याचा नाही. आवाज बी काढते म्हणे ते लोकं हुबेहूब." मग म्हणाले, "बरं झालं तू फोन केला. गाडी रुसली माह्यावर."

"रुसली म्हणजे?"

"थंडी नाही राहत आता. बसल्यावर एसी लागते, पण पयल्यावानी वाट नाही पाहत. मिस्त्रीनं गॅस भरून देल्ला. तरी तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या रेल्वेने अकोल्याला गेलो.

फाटक उघडलं आणि आधी गाडी दिसली. बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर, दिव्यांच्या वर, हळद आणि तूप चोपडलं होतं. उन्हाने तूप वितळून पिवळे ओघळ बंपरपर्यंत आले होते. शेजारी पितळी गडव्यात कोमट पाणी आणि पळसाची पानं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या जागी हळद-तूप लावतात आणि 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणून त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. बैल विकल्यानंतर बाबा हे गाडीला करायचे, ते मला ठाऊक होतं. पण पोळा श्रावणाच्या अखेरीस. हा मे महिना होता.

काका कुंपणावर हात ठेवून उभेच होते. "पाह्य बावा, तुह्या बापाचा पोळा. मी म्हटलं, आता झूल बी टाक हिच्यावर."

"मागच्या पोळ्याले राहून गेलं होतं," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तवा मले दिसत नव्हतं बरोबर... मतलब, येळ नव्हता. म्हणून फिरली असंल हे. जनावर इसरत नाही."

मी त्यांना घरात नेलं. पाणी प्यालो. पंख्याखाली बसलो आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं. गाडी रुसली नाही. ती कधी वाटच पाहत नव्हती. बटण मी दाबत होतो, अमरावतीहून. आता कंपनीने ते कुलूपबंद केलंय, म्हणून बंद पडलंय.

बाबा बराच वेळ मोबाईलमधल्या त्या कुलपाकडे बघत राहिले. डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, मग एका बाजूने.

"म्हणजे तू होता."

"हो."

"मी इकडं लोकाईले सांगत फिरलो." ते हसले नाहीत. "गाडीच बरी होती गड्या."

मला वाटलं, इथेच थांबावं. पण अर्धं सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. मी म्हणालो, "याच्यात गाडी कुठं हाय ते बी दिसे, बाबा."

"कुठं म्हणजे?"

"कुठं गेली, कुठं थांबली."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. मला वाटलं आता भडकतील. गुप्त पोलिस हाय काय तू, असं काहीतरी म्हणतील. त्याची मी तयारी करून आलो होतो.

"अमरावतीले आलतो तेही दिसलं?"

"दिसलं."

"हास्पिटल?"

"हो."

"मी तिथं दुपारभर बसून राहो. डोयात औषध टाकते ते, मग दोन-तीन घंटे काहीच दिसत नाही, नुसता उजेड. बाकीच्याईसोबत कोणी ना कोणी राहे. मी आपला भिंत धरून गाडीपर्यंत ये अन् आत बसून राहो, दिसतपर्यंत. तिथं बी गाडी थंडी होती. तोही तूच?"

"हो."

"तुह्या घराजवयच हाय ना ते?"

"जवळच आहे."

"मग एसी लावला," बाबा म्हणाले, "अन् आला कावून नाही?"

मी म्हणालो की तुम्ही सांगितलं नव्हतं, मला वाटलं तुम्हाला आवडणार नाही. हे म्हणतानाच मला कळत होतं की मी पुन्हा अर्धंच सांगतोय. बाबांनी ते ऐकून घेतलं. काचबिंदू आहे, म्हणाले. एका डोळ्याची कडेची नजर गेली, दुसरा वाचवताहेत. मला सांगितलं नाही कारण मी गाडी काढून घेतली असती, आणि गाडीशिवाय त्या हॉटेलवर कोण नेणार. "एखाद्या दिवशी दिसाले लागलं का तुह्याकडं यावं म्हणो," असंही म्हणाले, "पण मंग उजेड राहे तोवर घरी पोचाचं राहे."

ओटीपीचं मी काढलं नाही. त्यांनीच काढलं. "जे माह्या गाडीत हाय, त्याचे पुन्हा पैसे भराचे नाही. अन् भरून बी काय करशील?" दुपारी त्यांनी मला भात आणि वरण वाढलं. निघताना त्यांनी स्वतःहून गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी नको म्हणालो, बाबा म्हणाले, "ठिव." पुढची तारीख कधी आहे, ते मी विचारलं. "पाहू," एवढंच म्हणाले आणि आत गेले. गाडी अंगणातच सोडून मी रेल्वेने परतलो.

तेव्हापासून मी रोज फोन करतो. जेवले काय, हो. हॉटेलावर गेलते काय, काकाच्या स्कूटरवर गेलतो. तारीख विचारली की "पाहू". त्यांना दोष देत नाही. ज्याने न विचारता सगळं बघितलं, त्याला सांगायची गरज त्यांना का वाटावी? ॲप मी मोबाईलमधून काढून टाकलं. पहिले काही दिवस चार वाजायच्या आधी माझा हात खिशाकडे जायचा. घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं वाटू लागलं. इतके दिवस मी एकटा नव्हतो असं मला वाटत होतं ते त्या ठिपक्यामुळे, आणि बाबांना वाटत होतं ते गाडीमुळे. ती सोबत आम्हा दोघांचीही खरी नव्हती, हे आता दोघांनाही माहीत झालं होतं.

बुधवार तेवढा मला माहीत होता. ऑगस्ट लागल्यापासून मी बुधवारी रजा टाकायला लागलो. सकाळी डोळ्यांच्या हॉस्पिटलात जायचं आणि बाहेरच्या बाकावर बसायचं. खिडकीवरच्या बाईने विचारलं, "पेशंट कोण आहे?" मी म्हणालो, यायचेत. संध्याकाळी ती म्हणाली, "आले नाही का?" मी नाही म्हणालो. पुढच्या बुधवारी तिने विचारलं नाही. बाकावर माझ्या आजूबाजूला डोळ्यांत थेंब घातलेली माणसं मान मागे टाकून बसायची. प्रत्येकाचं कोपर कुणीतरी धरलेलं असायचं. मी मधे एकटा बसलेला. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

एका बुधवारी बाबा आले. दारातून येताना मी त्यांना पाहिलं. पांढरं धोतर, खांद्याला पिशवी, एकटेच. एसटीने आले असणार. मी उठलो आणि पुन्हा बसलो. माझ्यासमोरून ते खिडकीकडे गेले, मला बघितलं नाही. त्यांची ती कड गेलेली बाजू माझ्याकडे होती. आत तपासणी झाली. नर्सने त्यांना बाहेर आणून माझ्याच बाकावर बसवलं आणि म्हणाली, "आजोबा, हलू नका आता. सोबत कोणी आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"आहे," मी म्हणालो.

बाबांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. बुबुळं काळी, मोठी झालेली. त्यांना माझ्या जागी नुसता उजेड दिसत असणार.

"कोन हाय?"

"मी, बाबा."

त्यांनी पिशवी मांडीवरून उचलून दोघांच्या मधे ठेवली. "आज कालेजले सुट्टी हाय काय?"

"रजा टाकली."

"कोणी सांगितलं तुले, आज हाय म्हणून?"

"कोणीच नाही. बुधवार हाय म्हणून येऊन बसतो."

"दर बुधवारी?"

मी हो म्हणालो. बाबांनी हात पुढे केला आणि चाचपडत माझं मनगट शोधलं. धरलं, पण लगेच सोडलं, आणि हात परत पिशवीवर ठेवला. बाहेर ऊन कडक होतं. बाकावर पंखा नव्हता.

"लय गरमी हाय इथं," ते म्हणाले.

"घरी चला. जवळच आहे."

"दिसू दे पयले," बाबा म्हणाले. "मंग पाहू."

आम्ही बसून राहिलो.